सिंगापूरची संग्रहालयं दोन दिवसांत: काय पाहावं, काय बेधडक गाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकहून नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सत्तरीच्या सासूबाई पाच दिवसांसाठी सिंगापूरला जाणार. धाकटा दीर तिथे नोकरीला आहे. दोन दिवस संग्रहालयांसाठी राखलेत आणि यादीत आठ नावं आहेत. कुठे जावं, कुठल्या क्रमाने, किती वेळ द्यावा? तिथे सगळं फुकट असतं म्हणतात, ते खरं का? आणि सगळे शाकाहारी आहेत.

आधी फुकटचं. राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश मोफत आहे, पण तो सिंगापूरचे नागरिक आणि तिथला कायमचा रहिवासी परवाना असलेल्यांना. बरेचसे ब्लॉग तिथल्याच लोकांनी लिहिलेले असल्यामुळे हा गैरसमज पसरतो. तुम्हाला तिकीट पडेल, आणि तुमचे दीर नुसत्या नोकरीच्या परवान्यावर असतील तर त्यांनाही पडेल. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नसतं. साठीपुढच्यांना आणि विद्यार्थ्यांना परदेशी असूनही सवलत मिळते, पण वयाचा पुरावा मागतात, तेव्हा सासूबाईंच्या पासपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये हाताशी ठेवा. तिकीट काढताना साधं प्रवेशाचं तिकीट आणि विशेष प्रदर्शनासकटचं तिकीट असे दोन पर्याय दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने साधंच घ्यावं. कायमची दालनंच दोन दिवसांत पुरी होत नाहीत.

आता यादी. आठपैकी चार ठेवा: नॅशनल गॅलरी, एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम (तिथे सगळे एसीएम म्हणतात), पेरानाकन या मिश्र समाजाचं पेरानाकन म्युझियम आणि लिटल इंडियातलं इंडियन हेरिटेज सेंटर. पहिली तीन एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत, चौथ्यासाठी मेट्रो लागते. सिंगापूरला जाणारे बहुतेक जण चिनी संस्कृतीसाठी एक संग्रहालय, मलय लोकांसाठी एक, भारतीयांसाठी एक अशी वाटणी करतात आणि मग तीन वेगवेगळे देश पाहिल्यासारखे परत येतात. या शहरात पाहण्यासारखं आहे ते या लोकांनी एकमेकांकडून काय उचललं ते, आणि ते एसीएम आणि पेरानाकनमध्ये सगळ्यात नीट दिसतं. म्हणून भर तिथे द्या.

दोन दिवसांतला एक शुक्रवार असेल असं पाहा. एसीएम आणि पेरानाकन शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडी असतात, एरवी संध्याकाळी ७ ला बंद होतात. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी. सोमवार मात्र टाळा, इंडियन हेरिटेज सेंटर त्या दिवशी बंद असतं आणि बाकीचे दिवसही ६ लाच बंद होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाचं संकेतस्थळ उघडून फक्त 'कुठलं दालन बंद' एवढं बघा. ही सवय फार उपयोगी पडते, कारण सिंगापूरमध्ये दालनं सतत बदलत असतात.

शुक्रवारी सकाळी १० ला नॅशनल गॅलरी. ही एक इमारत नाही, दोन आहेत: १९२९ मध्ये पुरी झालेला सिटी हॉल आणि १९३९ मधलं जुनं सर्वोच्च न्यायालय. दोन्ही काचेच्या छताखाली जोडून नोव्हेंबर २०१५ मध्ये गॅलरी सुरू झाली. क्षेत्रफळ सुमारे ६४ हजार चौरस मीटर, म्हणजे 'सगळं बघू' हा विचार दारातच सोडा. लोक हमखास चुकतात ते लिफ्टला. एका बाजूची लिफ्ट दुसऱ्या बाजूच्या दालनांपर्यंत नेत नाही, मग पूल ओलांडून पुन्हा खाली-वर करत बसावं लागतं. नकाशा घेऊन आधी ठरवा: सिटी हॉलच्या बाजूला सिंगापूरची कला, न्यायालयाच्या बाजूला आग्नेय आशियाची. एक बाजू संपवा, मग दुसरी. सासूबाईंसाठी माहिती कक्षात चाकाची खुर्ची मागा. लाजू नका, पाय दुखायला लागल्यावर मागण्यापेक्षा आधीच घेतलेली बरी.

सिंगापूर दालनात एका चित्रासमोर दहा मिनिटं द्या. चुआ मिया टी या चित्रकाराचं 'राष्ट्रभाषेचा वर्ग', १९५९ सालचं तैलचित्र, साधारण ११२ बाय १५३ सेंटिमीटर. गोल टेबलाभोवती विद्यार्थी, मागे फळा, फळ्यावर मलय भाषेत दोन बाळबोध प्रश्न: तुझं नाव काय, तू कुठे राहतोस. विद्यार्थी चिनी वळणाचे आहेत आणि मलय शिकताहेत. त्याच वर्षी सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळालं, मलायात सामील व्हायचं स्वप्न होतं आणि राष्ट्रभाषा मलय ठरली होती. पुढे १९६३ ला सामीलही झाले आणि १९६५ ला वेगळेही झाले. चित्र काढणाऱ्याला हे पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, हे लक्षात ठेवून त्या चेहऱ्यांकडे बघा. आणखी एक योगायोग: सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्या पहिल्या सरकारचा शपथविधी १९५९ मध्ये याच सिटी हॉलच्या सभागृहात झाला. सप्टेंबर १९४५ मधली जपानी सैन्याची शरणागतीही तिथलीच. सभागृह उघडं असेल तर डोकावून या.

या दालनाची मांडणी २०२५ च्या मध्यात नव्याने झाली आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओत सांगितलेले खोलीचे क्रमांक धरून शोधत बसू नका. दारावरच्या स्वयंसेवकाला चित्राचं नाव सांगा. तिथेच लिऊ कांग, चेन वेन शी, चेओंग सू पियेंग ही नावं दिसतील. हे चिनी चित्रकार १९५२ मध्ये बालीला गेले आणि परत येऊन त्यांनी जी चित्रं काढली ती बघताना दोन गोष्टी शोधा: बाटिकच्या कापडासारखी पांढरी किंवा काळी बाह्यरेषा, आणि चिनी गुंडाळीसारखा उभा, अरुंद आकार. रंगसंगती मात्र पॅरिसच्या चित्रकलेतून आलेली. हे तिन्ही एकाच कॅनव्हासवर सापडलं की त्या मंडळींना 'नानयांग' (चिनीत 'दक्षिण समुद्र', म्हणजे आग्नेय आशिया) शैलीचे का म्हणतात ते कुणी सांगायला नको.

दुसऱ्या बाजूला राडेन सालेहचा 'वणवा'. जावाचा हा चित्रकार युरोपात शिकला. चित्र १८४९ चं, तीन मीटर उंच आणि जवळपास चार मीटर रुंद. आगीने कड्यापर्यंत रेटलेली जनावरं. अडचण अशी की एवढ्या मोठ्या, वार्निश दिलेल्या गडद चित्रावर दिव्यांची चकाकी पडते आणि समोर मधोमध उभं राहिलं की निम्मं काही दिसत नाही. आधी लांबून पूर्ण बघा, मग डावीकडे किंवा उजवीकडे दोन-तीन पावलं सरकून तिरकं बघा. मुलाला कड्यावरून खाली पडणारी जनावरं मोजायला सांगा, तो पंधरा मिनिटं हलणार नाही. त्यानंतर त्याला जुन्या न्यायालयातली कोठडी दाखवा. मूळच्या डझनभर कोठड्यांपैकी दोन राखून ठेवल्यात, आतल्या शौचकूपासकट. लहान मुलांना रमवणारं केंद्रही गॅलरीत आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला कोठडी जास्त आवडेल.

साडेबारा झाले की बाहेर पडा. अडीच तासांनंतर माणूस चित्रं बघत नाही, नुसता पाट्या वाचत पुढे सरकतो.

गॅलरीला लागूनच पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आहे. हे १८६० च्या आसपास भारतीय बंद्यांनी बांधलं. १८२५ पासून इंग्रज बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातून शिक्षा झालेल्यांना इथे आणत होते आणि या शहराचे सुरुवातीचे रस्ते, पूल त्यांच्याच हातचे. आतल्या खांबांवर हात फिरवलात तर दगडासारखा गुळगुळीत गिलावा लागेल. तो 'मद्रास चुना': शिंपल्यांचा चुना, अंड्यातलं पांढरं आणि जाडी साखर एकत्र कुटायची, नारळाची सोडणं भिजवलेल्या पाण्यात कालवायचं आणि वाळल्यावर स्फटिकाने घासून चकाकी आणायची. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत, त्याचाच हा चुलतभाऊ. तिकीट नाही, दहा मिनिटं पुरतात, आणि दुपारच्या उन्हात आत बसायला बाकं आहेत.

दुपारी हॉटेलवर जाऊन झोपा. खरंच. तीन ते चारच्या सुमाराला पाऊस कोसळण्याची शक्यताही असतेच. साडेचारला एसीएमला या. रॅफल्स प्लेस मेट्रो स्टेशनवरून नदीचा पूल ओलांडला की समोरच. १८६७ पासूनची जुनी सरकारी इमारत आहे.

एसीएममध्ये एकच दालन बघायला मिळालं तरी चालेल, ते म्हणजे तळमजल्यावरचं, चीनच्या तांग राजघराण्याच्या काळातल्या बुडालेल्या जहाजाचं. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रकाकडी (हा एक समुद्री जीव) शोधणाऱ्या पाणबुड्यांना ते सापडलं. जहाज अरबी बनावटीचं, माल चिनी. साठ हजारांहून जास्त भांडी निघाली आणि त्यातले बहुतेक चीनमधल्या चांगशाच्या भट्टीतले वाडगे. एका वाडग्यावर चिनी सनाची तारीख कोरलेली आहे, ती इसवी सन ८२६ ला जुळते, म्हणून जहाजाचा काळ इतका नेमका ठाऊक आहे.

काचेपाशी वाका आणि एकच वाडगा बघा. तळहातावर मावेल एवढा. काठ चार बाजूंनी तपकिरी रंगात बुडवलाय, त्यामुळे मध्ये आपोआप एक चौकट उरते, आणि त्या चौकटीत कुणीतरी दोन-चार फटकाऱ्यांत पक्षी, मासा किंवा वेल काढलीय. शेजारच्या वाडग्यात तोच पक्षी, पण चोच वेगळी. ही घाईने, हजारोंच्या संख्येने, परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेली कामं आहेत. काहींवर तर अरबी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघोट्या आहेत. वाडगे मोठ्या मातीच्या रांजणांत चक्राकार रचून भरलेले होते, तसा एक नमुना तिथे मांडून दाखवलाय. मग पुढे सोन्याचा अष्टकोनी पेला आहे, वाद्यं वाजवणाऱ्या आकृत्यांचा, आणि अंगठा ठेवायच्या जागी दोन दाढीवाल्या माणसांचे चेहरे. गर्दी सोन्यापाशी असते. वेळ वाडग्यांना द्या.

या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, दोरीने शिवलेल्या होत्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही ही पद्धत होती. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रात जे जहाज दिसतं, त्यावरून गोव्यात काथ्याने शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. बेलितुंगच्या जहाजाचीही तशीच प्रतिकृती ओमानमध्ये बांधून २०१० मध्ये मस्कतहून सिंगापूरपर्यंत हाकारत आणली होती, लांबी सुमारे १८ मीटर. मुलाला आधी 'कौंडिण्य'चे फोटो दाखवून नेलंत तर दालनात गेल्यावर तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

एक गोष्ट पाटीवर ठळकपणे कळत नाही. हा माल पुरातत्त्वज्ञांनी नव्हे, एका व्यावसायिक कंपनीने वर काढला, आणि त्या कारणावरून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला २०११ मध्ये याचं ठरलेलं प्रदर्शन मागे घ्यावं लागलं. एसीएमनेच २०१५ मध्ये उमेची एक चोल मूर्ती चोरीची निघाल्यावर भारताला परत द्यायचं कबूल केलं. वस्तू सुंदर आहे हे मान्य करून ती इथवर कशी आली हेही विचारावं, एवढंच.

वरच्या मजल्यावर धर्मांची दालनं आहेत. तिथे ख्रिस्ती कलेचं दालन चुकवू नका: गोव्यात कोरलेलं हस्तिदंती काम, फिलिपाइन्सच्या चिनी कारागिरांच्या मूर्ती, जपानी लाखेचं काम. गोव्याच्या बाळ येशूचे अर्धवट मिटलेले डोळे आणि बसण्याची ढब बघून बुद्धाची आठवण झाली नाही तर नवल. सगळ्यात वर कापड आणि दागिने. कापडाच्या दालनात अंधार वाटेल. दिवे मुद्दाम मंद असतात, कारण कापडाचा रंग उजेडाने कायमचा उडतो आणि प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवायचा संकेत आहे. दारात मिनिटभर थांबा, डोळे सरावतात. याच कारणाने कापडं काही महिन्यांनी बदलतात, म्हणजे फोटोत पाहिलेलं कोरोमंडलचं छापील कापड तुम्हाला दिसेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेरानाकन म्युझियम, आर्मेनियन स्ट्रीटवर. नॅशनल गॅलरीच्या बाजूने निघणाऱ्या कोलमन स्ट्रीटने दहा-बारा मिनिटं. वाटेत १८३५ चं आर्मेनियन चर्च लागतं, ते बांधणारा वास्तुकार कोलमन म्हणजेच या रस्त्याच्या नावातला. त्याच वर्षी जंगलात मोजणी करताना त्याच्या तुकडीवर वाघाने झडप घातल्याचं एक गाजलेलं लाकूडठसा-चित्र सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. त्यात सैरावैरा पळणारे मजूर आहेत, ते भारतीय बंदी.

पेरानाकन म्हणजे बाहेरून आलेले व्यापारी आणि स्थानिक बायका यांच्यातून तयार झालेला समाज. चिनी पेरानाकन सगळ्यांना माहीत असतात. पण तमिळ हिंदू वंशाचे, मलय बोलणारे, मलेशियातल्या मेलाकाचे 'चिट्टी' आणि भारतीय मुसलमान वंशाचे 'जावी पेरानाकन' हेही त्यातलेच. इमारत १९१२ ची, ताओ नान शाळेची. मोठ्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली. तीन मजले, आटोपशीर, दोन तास पुष्कळ. सासूबाईंना सगळ्यात जास्त हेच आवडेल यावर पैज लावायला हरकत नाही.

बघताना काय शोधावं: केबाया या ब्लाउजला बटणं नसत, तो तीन पिनांच्या संचाने मिटवत. वरची मोठी पिन 'आई', खालच्या दोन 'मुलं'. सोन्या-हिऱ्यांऐवजी चांदी आणि मोती दिसले तर तो दुखवट्याचा संच. गुलाबी-हिरवी, फिनिक्स आणि पिऑनी फुलांची भांडी लग्नकार्याची, निळी-पांढरी रोजची आणि सुतकातली. एवढं माहीत असलं की पाटी न वाचता निम्मी कपाटं कळतात. मण्यांच्या कामात मलेशियातल्या पेनांगचं एक टेबलावरचं आच्छादन आहे, दहा लाखांहून जास्त काचेच्या मण्यांचं. मणी युरोपातून यायचे. त्याच्यासमोर दोन पावलं मागे उभं राहिलं की चित्र दिसतं, नाक लावलं की नुसते मणी.

दुपारनंतर मेट्रोने लिटल इंडिया. आधी सेरंगून रोडवर जेवा, १९४७ पासूनचं कोमला विलास शुद्ध शाकाहारी आहे. शाकाहाराची खरी अडचण पेरानाकन जेवणात येते: तिथल्या भाज्यांतही 'बलाचान' म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची चटणी असते. 'व्हेजिटेबल' लिहिलंय यावर जाऊ नका, बलाचान घालता का असंच विचारा.

इंडियन हेरिटेज सेंटर कॅम्पबेल लेनवर आहे, मे २०१५ मध्ये उघडलेलं. बाहेरची भिंत पायऱ्यांच्या विहिरीवरून बेतलीय आणि अंधार पडल्यावर ती उजळते, तेव्हा आतलं बघून संध्याकाळी पुन्हा समोरून जा. लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर जायचं आणि तिथून खाली उतरत यायचं, मांडणी तशीच आहे. खालून सुरू करणारे इतिहास उलटा वाचतात. पाच हजारांवर आकृत्या कोरलेला तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचा दरवाजा बघाच. भर तमिळांवर आहे, कारण सिंगापूरच्या भारतीयांत तेच बहुसंख्य. मराठी माणसाने आपलं काही सापडेल या आशेने जाऊ नये.

गाळलेल्यांबद्दल. नॅशनल म्युझियमची १८८७ ची इमारत २०२३ पासून टप्प्याटप्प्याने दुरुस्तीत गेलीय. तिथला सिंगापूर स्टोन, म्हणजे १८४३ मध्ये इंग्रजांनी नदीच्या मुखाशी सुरुंगाने फोडलेल्या शिळेचा उरलेला तुकडा, उघडा असेल आणि वाटेत वेळ उरला तरच जा. त्यावरची लिपी आजही कुणाला लागलेली नाही. मलय हेरिटेज सेंटर ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीसाठी बंद झालं होतं, उघडलंय का ते पाहूनच पाय उचला. शेजारची सुलतान मशीद आणि गल्ल्या तशाही बघण्यासारख्या आहेत. सिंगापूर आर्ट म्युझियमला जाणारे अजूनही टॅक्सीवाल्याला ब्रास बासाचा पत्ता देतात. ती जुनी शाळा केव्हाची बंद आहे आणि आजकालची कला २०२२ पासून तांजोंग पगारच्या बंदरालगत गोदामात दाखवतात. ते समकालीन कलेची आवड असलेल्यांसाठी. तुमच्या चौघांत तसं कुणी दिसत नाही. आर्टसायन्स म्युझियममध्ये मुलं रमतात, पण तिथलं आकर्षण डिजिटल खेळांचं आहे आणि वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. त्यापेक्षा मुलाला डायनासोर हवा असेल तर विद्यापीठातल्या ली कोंग चियन नैसर्गिक इतिहास संग्रहालयात तीन सॉरोपॉडचे (लांब मानेच्या महाकाय डायनासोरचे) सांगाडे आहेत. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस लागेल आणि सोमवारी तेही बंद.

सामानाचं: पाठीवरची मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, लॉकर असतो. शाल घ्या, आत वातानुकूलन चांगलंच गार असतं आणि बाहेरच्या घामट हवेतून आल्यावर जास्तच जाणवतं. फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, फ्लॅश आणि तिपाई नाही. मुलाला चित्र काढायचं असेल तर वही आणि शिसपेन्सिल द्या. पेन आणि रंग दालनात बाहेर काढू देत नाहीत. स्वयंसेवकांची तासाभराची मार्गदर्शित फेरी तिकिटातच असते. एसीएमच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा आणि पाच मिनिटं लवकर पोहोचा, कारण एकदा निघालेली फेरी दालनांत शोधणं जिकिरीचं.